वहिनीचा आवाज

माझी वहिनी फोनवर बोलायला लागली की समोरचा भांडण विसरतो. नगरपालिकेच्या कार्यालयात ती टेलिफोनवर बसायची. नळाला पाणी नाही म्हणून शिव्या घालायला फोन करणारे लोक शेवटी "बरं ताई, बघा जमलं तर" म्हणून गप्प व्हायचे. म्हणून तर आपत्ती विभागाच्या साहेबांनी गाडीवरून वाजवायच्या इशाऱ्यासाठी तिचाच आवाज घेतला. "नागरिकांनो, नदीचं पाणी वाढत आहे. घाबरू नका. लगेच घर सोडा आणि शाळेच्या मैदानाकडे चला." त्या दिवशी ती मिरवतच घरी आली. बाबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सुनेचं भारी कौतुक. त्यांनी ते तिच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणून घेतलं.

आता या साहेबांची अक्कल बघा. सरावाला हीच टेप आणि खरा पूर आला तरी हीच. सराव आहे असं आधी सांगितलं तर लोक घराबाहेर पडत नाहीत, मैदान रिकामं दिसतं, फोटो वाईट येतात. म्हणून सांगायचंच नाही. गाडी फिरायची, लोक जीव मुठीत घेऊन धावायचे, फोटो निघायचे आणि साहेबांना वरून शाबासकी यायची.

पहिल्याच सरावाला बाबांची पार शोभा झाली. त्यांची उजवी बाजू लुळी पडलेली. दादानं आणि शेजारच्या शिवणकामवाल्या काकूंनी त्यांना खुर्चीसकट उचलून अख्ख्या गल्लीतून मैदानात नेलं. तिथे उन्हात बसवून ठेवलं, कारण साहेब यायचे होते. बाबांना कपड्यातच झाली. शर्टाची इस्त्री मोडू न देणारा माणूस चारचौघांत ओल्या कपड्यांनी बसला. घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, जेवलासुद्धा नाही.

वहिनीला ते बघवेना. ती म्हणाली, "बाबा, यापुढे गाडीतून माझा आवाज आला तर तुम्ही जागचे हलू नका. खरंच पाणी आलं तर मी स्वतः फोन करीन."

बाबांची कळी खुलली. पुढच्या सरावाला काकू धावत आल्या, तर म्हणाले, "जा तुम्ही. आम्हांला आतली खबर असते." मी तेव्हा माहेरीच होते. मलाही हसू आलं. सगळ्या गल्लीत आम्हीच काय ते शहाणे.

मग एके दिवशी धरणातून पाणी सोडलं. दादा ट्रक घेऊन परगावी, मी सासरी, बाबा घरात एकटे. वहिनी आपत्ती कक्षात फोनवर. त्या कक्षात जाताना आपला मोबाईल साहेबांच्या कपाटात ठेवावा लागायचा. आधी कोणीतरी कक्षाच्या गळक्या छताचा फोटो पेपरवाल्यांना पाठवला होता. छत दुरुस्त करण्यापेक्षा मोबाईल काढून घेणं सोपं, नाही का?

टेप लागली, गाडी निघाली. वहिनीनं मोबाईल मागितला. "साहेब, घरी एकच फोन करायचाय."

"बाई, गाडी तुमच्याच गल्लीतून गेलीय. तुमचाच आवाज ऐकतील की ते. आता शहराचं बघा."

टेबलावरचे फोन दम घेऊ देत नव्हते. एक ठेवला की दुसरा. रडणाऱ्या माणसाचा फोन मध्येच कापून घरचा नंबर फिरवणं तिच्याच्यानं होईना. तेवढ्यात एक फोन काकूंचा आला, मैदानातून.

"अगं, तुझे सासरे ऐकेनात. हाताला धरून ओढलं मी. म्हणतात, सुनेचा फोन आल्याशिवाय उठायचं नाही."

"काकू, परत जा. सांगा, मीच सांगितलंय."

"आता कशी जाऊ बाई? गल्लीत कमरेच्या वर पाणी झालंय."

मग मात्र वहिनीनं घरचा नंबर फिरवला. बाबांनी पहिल्याच घंटेला उचलला.

"पाणी खाटेला लागलंय गं," बाबा म्हणाले. "आता उठू का?"

बचाव पथकाची होडी पोचली तोवर सगळं संपलं होतं.

मी आले ती तोंडाचा पट्टा सोडतच. बाबांचा देह समोर असताना वहिनीला म्हणाले, तुझ्या शहाणपणानं माझा बाप गेला. त्यानंतर मी तिच्याशी एक शब्दही बोलले नाही.

कक्षात काय घडलं ते मला दादाकडून कळलं. चौकशी लागली तेव्हा त्याच्याबरोबर मीही गेले. वरून आलेले मोठे साहेब आणि त्यांच्या शेजारी आमचे फोटोवाले साहेब. टेप वाजवली. वहिनी मान खाली घालून ऐकत होती.

"हा आवाज तुमचाच?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"हो."

"शब्द नीट ऐकू येतात?"

"हो."

"म्हणजे इशारा वेळेत मिळाला होता. नागरिकानं तो पाळला नाही."

मी उठले. म्हणाले, "आणि कपाटातल्या मोबाईलचं काय? न सांगता केलेल्या सरावांचं काय?" शिपायानं मला बसायला सांगितलं. मोठे साहेब कागद आवरत म्हणाले, टेपमध्ये दोष नाही, हीच पुढे चालू ठेवा.

तेव्हा वहिनीनं मान वर केली. "साहेब, त्यातलं 'घाबरू नका' तेवढं काढा."

"तेवढंच काढता येत नाही," फोटोवाले म्हणाले. "सगळं नव्यानं रेकॉर्ड करावं लागेल. मग तुम्हांलाच यावं लागेल, बाई."

वहिनीनं होकाराची मान हलवली. ती खरंच पुन्हा आवाज द्यायला जाणार होती. मी तिचा दंड धरला आणि म्हणाले, "चल घरी."