परदेशी राण्यांच्या कपाळावर कुंकू

माझ्या साऱ्या परदेशी नोटा देवापुढे पाटावर मांडल्या होत्या आणि एकेका नोटेला ओली हळद आणि ओलं कुंकू लावलेलं होतं. वर तांदळाचे दाणे चिकटवलेले. लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. मी सैपाकघरातून नैवेद्याचं ताट घेऊन आले तर समोर हे. सूनबाई पाटाशी हात जोडून बसलेली. लग्नाला सहा महिने झाले होते, तिची आमच्याकडची पहिली दिवाळी. बोटं पिवळी-लाल झाली होती. माझ्याकडे बघून हसली.

"आई, बघा ना! साऱ्या दुनियेची लक्ष्मी बसवली."

मी ताट खाली आपटलं.

"कुणाला विचारून कपाटातून काढल्यास?"

"विचारलं नाही, सरप्राइज द्यायचं होतं तुम्हाला."

"या काय तुझ्या बापाच्या घरच्या होत्या? सत्यानाश केलास. परवा भाऊबिजेला तुझा भाऊ न्यायला येतोय ना? जा त्याच्याबरोबर. आणि परत येऊ नको."

हे मी बोलले. शेजारीण प्रसादाची वाटी घेऊन दारात उभी होती, तिनेही ऐकलं. मुलगा समई लावत होता. तो पेटती काडी धरून तसाच उभा राहिला आणि बोट भाजल्यावर हात झटकला. सूनबाई रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती उठली, हात धुतले आणि आत गेली.

नोटांपायी नव्या सुनेला घराबाहेर काढणारी बाई कशी असेल, असं कुणालाही वाटेल. म्हणून त्या नोटांचं सांगते.

मी चौथी शिकले. लग्न करून जळगावकडून इकडे मध्य प्रदेशात आले. यजमान कागदाच्या मिलमध्ये होते, आणि मिलच्या वसाहतीत दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. लगदा करायला परदेशातून रद्दी यायची. तिच्या गठाणी फोडून त्यातलं प्लास्टिक, पिना, दोरे निवडून काढायचे, हे त्यांचं काम. एक दिवस जुन्या मासिकाच्या पानांत त्यांना एक नोट सापडली. कुणीतरी खूण म्हणून ठेवली असावी. साहेबांना दाखवली तर साहेब म्हणाले, "ही इथे चालायची नाही. ने घरी, बायकोला दे."

यांनी ती डब्यात घालून आणली. मी भाकरी टाकत होते. पिठाच्या हातांनीच घेतली. निळसर रंगाची नोट, तिच्यावर एक राणी. मान ताठ, गळ्यात मोत्यांचा सर. कपाळ मोठं आणि मोकळं. मला वाटलं, हिला काय कमी असेल, आणि ही आपल्या भाकरीच्या परातीपाशी आली.

तेव्हा हे एक गोष्ट म्हणाले, ती मी विसरले नाही. "ही कागदाची नाही बरं. हात लावून बघ. नोट कापसाची असते." मिलमध्ये राहून राहून त्यांना नुसत्या बोटांनी कळायचं, कोणता कागद लाकडाचा, कोणता उसाच्या चोथ्याचा, कोणता चिंध्यांचा.

ती पहिली. मग वर्षातून एखादी मिळायची, कधी तीही नाही. रिटायर झाल्यावर आम्ही बुऱ्हाणपूरला सिंधीपुऱ्यात घर घेतलं, आणि तिथे माझं नशीब उघडलं. गावाबाहेरच्या दर्ग्याला लांबलांबच्या देशांतून यात्री येतात. आमच्या गल्लीतला एक रिक्षावाला त्यांना स्टेशनवरून ने-आण करायचा. कुणी खुशीने त्यांच्याकडची बारकी नोट त्याला द्यायचं. बँक घ्यायची नाही, दुकानदार घ्यायचा नाही. तो माझ्या दारात हॉर्न वाजवायचा.

"मौसी, आज हिरन वाली आई है."

"पैले दिखा. पिछली बार फटेली दी थी तूने."

"उसमें शेर था ना! शेर फटा हुआ भी शेर रहता है."

मी त्याला शेवभाजी आणि चार पोळ्या द्यायचे. तो म्हणायचा, या भावात बँकपण देणार नाही.

मला देशांची नावं वाचता यायची नाहीत. मी आपल्या पद्धतीने लावल्या. जनावरांच्या एकीकडे, बायांच्या एकीकडे, होड्यांच्या वेगळ्या, पिकांच्या वेगळ्या. पिकांत कापूस होता, चहा होता, मासे मी पिकांतच धरले होते. एका नोटेवर केळीचा घड होता आणि त्याच्या फण्या खाली लोंबलेल्या काढल्या होत्या. केळं घडाला वर तोंड करून लागतं, हे आमच्याकडचं शाळेतलं पोरही सांगेल. ज्याने ते चित्र काढलं त्याने केळीचं शेत पाहिलेलं नव्हतं. मोठ्या देशाची नोट, पण चूक ती चूक.

शनवाऱ्याच्या बाजारातून मी प्लास्टिकच्या कप्प्यांचा अल्बम आणला. दुपारची भांडी झाली की अल्बम मांडीवर घ्यायचा. मुलगा लहानपणी, क्वार्टरमध्ये होतो तेव्हाच, मिलमधून आलेल्या नोटांवरून भूगोल शिकला आणि पुढे त्याला भूगोलात बरे मार्क पडायचे. मी कुठे गेले नाही. लांबात लांब पंढरपूर आणि एकदा उज्जैन. पण मला हत्तीचे देश कोणते, उंटाचे कोणते, हे माहीत होतं. दुपारी गल्ली झोपलेली असायची, पलीकडे पॉवरलूमचा खडखडाट चालू असायचा, आणि मी पानं उलटायचे. तसल्या दुपारी आता येत नाहीत. पॉवरलूमही निम्मे बंद पडले.

तर त्या नोटांना हळदकुंकू लागलं होतं.

त्या दिवशी रात्री कुणी नीट जेवलं नाही. यजमानांनी पाटावरच्या नोटा चष्मा लावून बघितल्या आणि हसायला लागले. "अगं, हिने बरोबर कपाळ बघून कुंकू लावलंय. ही राणी बघ. हा मिशीवाला बघ. साऱ्या जगाला सवाष्ण करून टाकलं सुनेनं!"

"तुम्हाला हसू येतंय."

"मग काय करू? तिच्या माहेरी दुकान आहे. नव्या सुनेनं घरातल्या झाडून सगळ्या लक्ष्मीला बोट लावायचं, एक जरी राहिली तर ती रुसून जाते, असं आहे त्यांच्यात. तिने मला दुपारीच सांगितलं होतं."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाही?"

"मला वाटलं, घरातल्या पैशांचं म्हणतेय."

पाडव्याला सकाळी मी पहिली नोट घेतली, तीच मोत्यांच्या सरवाली. बादलीत बुडवली, साबणाची वडी घेतली आणि घासली. हळद साबणाने लाल होते, हे मला माहीत नव्हतं का? पन्नास वर्षं साड्या धुतल्या मी. पण रागात हाताला अक्कल राहात नाही. हळदीचा सगळा डाग विटकरी लाल झाला, कुंकू फुटून त्यात मिसळलं आणि राणीचं अर्धं तोंड त्या रंगात गेलं.

मागे सूनबाई उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"आई, साबण नका लावू."

मी वडी बादलीत टाकली.

"आमच्याकडे हळद उन्हाने काढतात. मी घेऊन जाऊ का वर?"

मी बादली बाजूला सारली. ती नोटा सुपात घालून गच्चीवर गेली. थोड्या वेळाने मीही गेले. तिला नीट जमेल असं मला वाटत नव्हतं, म्हणून गेले. तिने यांचं धुतलेलं धोतर अंथरलं होतं. नखाने अलगद तांदूळ काढून नोटा ओल्या फडक्याने टिपून मांडल्या होत्या, जशा आपण कुरडया मांडतो, आणि वरून वाळवणाची मच्छरदाणी ताणून चारी कोपऱ्यांना विटा ठेवल्या होत्या. विटांचं मला सुचलं नसतं.

आम्ही दोघी दोन बाजूंना बसलो. तासाने पलटायच्या, पुन्हा टिपायच्या. वारा सुटला की ती मच्छरदाणीवर हात ठेवायची. समोरच्या गच्चीवर माकडं आली.

"आई, ते बघतंय इकडे."

"बघू दे. त्याला काय बाजार करायचाय?"

तिला हसू आलं. तिने पदर तोंडावर घेतला. मी दुसरीकडे पाहिलं.

जेवायच्या वेळेला यजमान जिन्यावरून ओरडले, "दोघी राण्या खाली येणार का, की आम्ही बापलेक उपाशीच राहू?"

"डब्यात चिवडा आहे, खा," मी म्हणाले. दोघं खाली चिवडा खात बसले. त्यांचं हसणं वर ऐकू येत होतं.

संध्याकाळपर्यंत हळद फिकट झाली. दोन-तीन उन्हं आणखी दिली की निघून जाईल, असं दिसत होतं. कुंकू मात्र बाजारचं, रंगाचं. ते गुलाबी होऊन बसलं ते बसलंच. सूनबाईने खराब केलेल्या नोटा बऱ्याच सुधारल्या. पूर्ण वाया गेली ती एकच, मी साबण लावलेली.

दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ आला. ओवाळणं झालं, जेवणं झाली. तिने बॅग भरली होती, आणि ती मोठी बॅग होती. मुलगा माझ्याकडे बघत होता, यजमान माझ्याकडे बघत होते. माफी मागायची सवय मला नाही. माझ्या आईलाही नव्हती. मी दारात उभी राहिले. भाऊ रिक्षात बसला होता.

मी म्हणाले, "नोटांना अजून उन्हं द्यायचीत. माझ्याने एकटीने मच्छरदाणी ताणली जात नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. "आई, भावाकडे आठ दिवस राहायचं ठरलंय."

"राहा. मी काय धरून ठेवलंय?"

"तीन दिवसांनी येते," ती म्हणाली. "तोवर सावलीत ठेवा. आणि साबण लावू नका."

तिसऱ्या दिवशी आली. बॅग तीच होती.

पुढे रिक्षावाल्याने एका नोटा जमवणाऱ्या माणसाला घरी आणलं. त्याने भिंग लावून सगळा अल्बम बघितला आणि म्हणाला, डाग नसते तर यांतल्या काही चांगल्या होत्या. मी त्याला चहा दिला आणि अल्बम बंद केला. मला विकायच्या नव्हत्याच.

अल्बम अजून आहे. सूनबाईने देशांची नावं कप्प्यांखाली लिहून लावलीत, पण क्रम माझाच ठेवलाय. मासे पिकांत आहेत. साबण लावलेली राणी पहिल्या पानावर आहे. तिच्या गळ्यातले मोती तेवढे दिसतात.

त्या लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घरात आम्ही चौघं होतो. साथीच्या वर्षी आधी यजमान गेले आणि पंधरा दिवसांत मुलगा गेला. सूनबाईचा भाऊ तिला न्यायला पुन्हा आला होता. ती गेली नाही. आता घरात आम्ही दोघी आहोत.