न पाहिलेल्या सिनेमाचा शेवट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही. प्रार्थनेत सांगितलं, पण मोघम — माझे अपराध क्षमा कर, असं. त्यात कुठला अपराध ते बोलावं लागत नाही, ही मोठी सोय आहे. तुम्हाला मात्र नीट सांगणार आहे. तुम्ही माझे कोण? कुणी नाही. म्हणूनच बहुधा जमेल.

पण आधी थोडं गाण्याबद्दल बोलू द्या. टाळाटाळ म्हणा हवं तर.

माझ्याकडे एक वही आहे. तरुणपणी ऐकलेलं गाणं, पाहिलेलं नाटक, सिनेमा, सगळं मी तिच्यात लिहायची. कुठं बसले, शेजारी कोण होतं, रडू कुठं आलं, हेसुद्धा. नगरला तंबूत आलेल्या नाटक कंपनीत नायिकेचं काम करणारा पुरुष असा गायला, की वन्समोअर थांबेनात आणि माझी परतीची गाडी चुकली. राहुरीजवळच्या देवळालीत एका बागायतदाराच्या ओसरीवर कर्ण्याचा ग्रामोफोन होता. त्याची सुई झिजलेली, आवाज घोगरा यायचा, तरी मी कुंपणापाशी उभी राहून ऐकायची. आणि नेवाशाच्या जत्रेतली लावणी! तमाशाच्या कनातीत बायकांनी जायचं नव्हतं, आणि चर्चच्या बाईनं तर जवळपासही फिरकायचं नव्हतं. मग मी बाहेर सोडलेल्या एका बैलगाडीजवळ थांबले आणि बैलाच्या तब्येतीची चौकशी करत राहिले. गाडीवान भला माणूस. बैल ठणठणीत असूनही त्यानं मला तासभर उत्तरं दिली.

एका मास्तरणीच्या वाट्याला एवढं सगळं आलं. त्याबद्दल मी देवाचे आभार मानते — ज्या देवाला हे मुळीच खपत नाही असं आमचे पाळकसाहेब सांगत, त्याच देवाचे.

लढाईची वर्षं होती. मी देवळालीत मुलींना शिकवत होते. आमचं घराणं आजोबांच्या वेळी ख्रिस्ती झालेलं. त्याआधी आम्ही गावकुसाबाहेरची माणसं. धर्म बदलला, शिक्षण आलं, सगळे 'बाई' म्हणू लागले, पण गावाच्या लेखी आमचे हात तेच राहिले. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. हे ठाऊक नसेल तर पुढचं कळायचं नाही, एवढंच.

शाळेच्या खोलीला लागून शेतकऱ्यांची एक आळी होती. उन्हाळ्यात तिथं शेवयांचा हंगाम सुरू व्हायचा. आज एका घरच्या शेवया, उद्या दुसऱ्या घरच्या. आळीतल्या साऱ्या बायका त्या-त्या अंगणात जमायच्या. कुणी पीठ मळायची, कुणी पाटावर वळायची, कुणी बाजेवर वाळत घालायची. पहिल्या वर्षी मी खिडकीतून बघत होते. भिमाकाकीनं मला पाहिलं आणि हाक मारली. अंगणाच्या कडेला गोणपाट टाकलं आणि म्हणाली, बसा बाई, काहीतरी सांगा. पिठाला माझा हात चालत नव्हता. तोंड चालत होतं.

मग मी सिनेमा सांगितला. त्या बायकांनी सिनेमा पाहिलेला नव्हता, आणि कुणी दाखवील अशी आशाही नव्हती. मी शाळेच्या कामासाठी महिन्याकाठी नगरला जायची, काम उरकून डोक्यावर पदर ओढून गुपचूप दुपारचा खेळ गाठायची, आणि परत आले की या अंगणात तो खेळ पुन्हा लागायचा. ज्या घरच्या शेवया, त्या घरी त्या दिवशीचा भाग. आता आळीत घरं बरीच आणि सिनेमा तो केवढा? शेवटच्या घराला काही उरायला नको? म्हणून मी मधे तिखटमीठ लावायची. नायिकेच्या वाट्याला एखादी खाष्ट जाऊबाई आणायची, नायकाला ताप आणायची. पण शेवट — शेवट मी कधी बदलला नाही. तो माझा नेम होता.

एकदा सोडून. तेच सांगायचं आहे.

भिमाकाकीची लेक इंदू त्या वर्षी माहेरी येऊन बसली होती. वय एकोणीस-वीस. जामखेडकडे दिलेली, कोरडा मुलूख. मूल होईना म्हणून नवऱ्यानं घराबाहेर काढलेलं. आता सासरहून निरोप आला होता की झालं गेलं विसरा, पोरीला पाठवा. भिमाकाकीला वाटे, पोरीनं जावं. घरात भाऊ होते, भावजया होत्या, तिला पोर कायमची सांभाळायची धास्ती होती. इंदू हो म्हणेना, नाही म्हणेना. शेवया वळता वळता माझ्याकडे बघून एकदा हसून म्हणाली, की बाईंच्या सिनेमात काय होतंय बघू, मग ठरवू. सगळ्या हसल्या. मीही हसले.

कारण नवा सिनेमा नेमका तसलाच होता. नवऱ्यानं टाकलेल्या बाईचा. नगरला लागणार म्हणून मी आधीच डांगोरा पिटून ठेवला होता.

गेले मी नगरला. टॉकीजसमोर आले. आणि दारापाशी बघते तर पाळकसाहेब! सायकल धरून उभे. त्यांनी पाहिलं असतं तर नोकरी जायला दुसऱ्या दिवसाची वाट पाहावी लागली नसती. मी पाठ फिरवली. साहेब तिथं सायकलचं पंक्चर काढून घेत होते, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं. पंक्चर! माझ्या साऱ्या भ्याडपणाचं कारण एक पंक्चर.

मी वळसा घालून टॉकीजच्या मागं गेले. पत्र्याच्या भिंतीला कान लावला. एक गाणं अर्धं ऐकू आलं, मग एक बाई रडली, मग पलटणीच्या मोटारी गेल्या आणि काहीच ऐकू येईना. गाडीची वेळ झाली. जाताना लांबून रंगवलेली पाटी पाहिली: कडेवर मूल घेतलेली बाई, आणि तिच्याकडे पाठ केलेला टोपीवाला पुरुष. बस. एवढाच सिनेमा मी पाहिला.

परत आल्यावर सांगता आलं असतं, नाही का? जमलं नाही, पुढच्या महिन्यात बघू. काय बिघडलं असतं? पण दुसऱ्या दिवशी गोणपाट घातलेलं होतं, पीठ मळलेलं होतं, बायका वाट बघत होत्या. सिनेमा नसेल तर त्या अंगणात माझं काय काम? — हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. माझा मीच विचारला आणि घाबरले.

मग मी सांगितला. पहिल्यापासून सगळा मनाचा. आणि खरं सांगते, मला मजा आली. कधी एवढी रंगले नव्हते. घरामागून घर होत गेलं, माझी नायिका हाल सोसत गेली, बायका पदर डोळ्यांना लावत गेल्या. शेवटच्या दिवशी भिमाकाकीच्या घरच्या शेवया होत्या. शेवट कुणासाठी ऐकला जातोय, हे मला पुरतं ठाऊक होतं. इंदूचे हात पाटावर थांबले होते. आणि भिमाकाकी माझ्याकडे अशी बघत होती, की तिला काय हवंय ते आंधळ्यालाही दिसलं असतं.

मी नवऱ्याला दारात आणला. टोपी काढायला लावली. रडवला. क्षमा मागायला लावली. आणि नायिकेला त्याच्यामागून सासरी धाडली.

भिमाकाकीनं नाक पुसलं, पिठाचा एक गोळा तोडला, उठून माझ्यापाशी आली आणि तो माझ्या हातावर ठेवला. म्हणाली, "या बाई, दोन तुमी बी वळा."

तुम्हाला काय सांगू मला काय वाटलं. गोळा उबदार होता. बाकीच्यांनी एकमेकींकडे पाहिलं, एकीनं तोंड वाकडं केलं, पण सरकून जागा केली. मी गोणपाटावरून उठले आणि पाटाशी जाऊन बसले. माझ्या शेवया जाड आल्या, तुटल्या, पोरी खूप हसल्या. माझ्या आयुष्यातला तो आनंदाचा दिवस. अजूनही आहे. हेच तर अवघड आहे.

दिवेलागणीला इंदू माझ्या खोलीशी आली. चौकटीला टेकून उभी राहिली. म्हणाली, "बाई, येक इचारू? त्यो शेवटाला खरंच आला हुता का दारात? का तुमी आमच्याकरता गोड केलं?"

मी कंदिलाची काच पुसायला घेतली. तिला वाटलं, मला राग आला. घाईनं म्हणाली, "तुमी खोटं बोलनार न्हाई, मला ठावं हाय. म्हनून तर तुमाला इचारलं."

माझ्या नखांत अजून पीठ होतं. नाही म्हटलं असतं तर उद्या आळीभर झालं असतं, आणि तो गोळा पुन्हा कधी हातावर पडला नसता. मी म्हणाले, "आला होता. या डोळ्यांनी पाहिलं."

हा माझा अपराध. सिनेमा नव्हे. सिनेमाला थापा म्हणून सोडून देता येईल. पण एक मुलगी दारात येऊन, विश्वासानं, स्वतःच्या आयुष्याचं विचारत होती, आणि मी ते पिठाच्या गोळ्यापायी विकलं.

आठवड्यात ती सासरी गेली. ती तशीही गेली असती, असं मी पुष्कळदा मनाशी म्हणून पाहिलं आहे. असेलही. पण ती मला विचारून गेली.

तिकडं काय झालं ते थोडक्यात सांगते. तिनंही थोडक्यातच सांगितलं. नवरा दारात आला नाही. घरात दुसरी बाई आणून ठेवलेली होती, आणि लांबच्या विहिरीवरून पाणी ओढायला माणूस हवं होतं. मार होता. शेवटी मूल झालं ते मुलगी. दोन-तीन वर्षांनी इंदू परतली — मुलगी कडेवर, थेट त्या पाटीवरच्या बाईसारखी. मी खिडकीतून पाहिलं आणि आत सरकले.

त्याच वर्षी राहुरीच्या जत्रेला तंबूतला सिनेमा आला. आणि कोणता आला म्हणता? तोच. आता आळीतल्या बायकांनाही परवानगी मिळाली. जत्रा होती, सोबत होती. मी डोकं दुखतंय म्हणाले. इंदू म्हणाली, चला की बाई, तुमच्याशिवाय कसा बघायचा? बायकांच्या बाजूला ती माझ्या शेजारी बसली, खांद्याला खांदा लावून.

पडद्यावर जे दिसलं त्यात माझं एकही माणूस नव्हतं. जाऊ नव्हती, ताप नव्हता. शेवटी नवरा येतो खरा, पण ती बाई दार उघडत नाही. आतून कडी लावते, मुलाला उचलते आणि मागच्या दारानं रस्त्याला लागते. दिवे लागले. आळीतल्या साऱ्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं. एकीनंही शब्द काढला नाही. आजही मला कळत नाही, एवढी माया त्यांनी कुठून आणली.

परतीच्या वाटेवर इंदूची मुलगी पेंगुळली. इंदूनं ती माझ्या खांद्यावर दिली. बरंच अंतर चाललो. मग ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "बाई, तुमचा शेवट लई चांगला हुता."

टोमणा होता? नव्हता. तेच सहन होत नव्हतं. ती खरंच तसं म्हणत होती. तो शेवट तिला आवडला होता, तो खरा व्हावा म्हणून ती जामखेडपर्यंत गेली होती. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. रस्ता होता, अंधार होता, माझं तोंडही दिसलं नसतं. मी मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि म्हणाले, संभाळून, पुढं खड्डा आहे.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा शेवया आल्या. मी खिडकी लावून बसले होते. इंदूच बोलवायला आली. या खेपेला गोणपाट घातलंच नव्हतं. तिनं पाटाशी जागा धरून ठेवली होती, गोळा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, सांगा बाई. मी सांगू लागले. पाहिलेलंच, पाहिलं तेवढंच. माझे सिनेमे त्यानंतर फार लवकर संपायचे. चार घरांत आटोपायचे. मग बायका गाणी म्हणायच्या आणि मी ऐकायची. ती सगळी वहीत आहेत. माझ्या वहीतली सगळ्यांत चांगली पानं ती आहेत.

इंदूची मुलगी माझ्याच शाळेत शिकली, मास्तरीण झाली. इंदूनं भावांच्या मळ्यात राबून तिला वाढवलं, मला वडीलबहिणीचा मान दिला आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाही. ती जाऊन आता काही वर्षं झाली. तिच्या आजारपणात मी रोज उशाशी बसायची. तिला सिनेमा ऐकायला आवडायचं. मी सांगायची. तेव्हाही ते एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही.

तिची मुलगी दर उन्हाळ्यात शेवयांचा डबा पाठवते. आईनं सांगून ठेवलंय म्हणते, बाईंचा वाटा आधी काढायचा. यंदाचा डबा परवा आला. मी तो दोन्ही हातांनी घेतला, तिला आशीर्वाद दिला, आणि संध्याकाळी त्यातल्या मूठभर दुधात शिजवून खाल्ल्या.