हत्तीला बोललेला नवस

माझ्या सासूबाईंच्या पायाला चाक होतं आणि मामंजींना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणारी बाई दिसली की ठसका लागायचा. अशा घरात एकोणिसाव्या वर्षी मी आष्टीहून वडीगोद्रीला सून म्हणून आले. नवरा परतूरकडं मास्तर, शनिवारी यायचा. उरलेले दिवस घरात तिघंच: हिंडायला टपलेली सासू, अडवायला टपलेले सासरे आणि मी. कुणाच्या बाजूनं व्हायचं ते मी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं, कारण माझेही पाय काही कमी खाजत नव्हते.

आमच्या दारासमोरून शहागडकडं ट्रक जायचे. ट्रकचा आवाज आला की सासूबाईंचा भाकरी थापता हात परातीवर थांबायचा.

"हा कुठं चालून राह्यला असंल गं?"

"काय माहीत, आत्याबाई."

"कुठंतरी तर चाललाय," त्या म्हणायच्या, आणि पुढची भाकरी हमखास वाकडी व्हायची.

मामंजी कुणाला कुठं जाऊ देत नसत, पण देवाला फार भ्यायचे. बोललेला नवस फेडला नाही तर तो घरावर उलटतो, ही त्यांची पक्की खात्री. सासूबाईंनी ह्या एवढ्याशा फटीतून वाट काढली होती. त्या उठता-बसता नवस बोलायच्या. म्हैस सुखरूप व्याली, की अंबडची मत्स्योदरी. माझा ताप उतरला, की शहागडचा दर्गा. एकदा तर फळीवरून पडलेली बरणी फुटली नाही म्हणून आम्ही राजूरच्या गणपतीला जाऊन आलो.

देवाला मात्र दोन मिनिटं. ओटी भरली, नारळ फोडला, कपाळ टेकलं, झालं. मग खरं काम सुरू. अंबडला देवीच्या डोंगरावर त्या पायऱ्या-पायऱ्यांना हात लावत हिंडल्या. "एवढा दगड वर आणला कसा असंल? आणणारे जेवले काय असतील?" शहागडला दर्ग्यातून निघाल्यावर पडक्या किल्ल्याच्या कमानीखालून आत गेल्या, बाहेर आल्या, पुन्हा आत गेल्या.

"काय करून राह्यलात, आत्याबाई?"

"राजाच्या घरची बाई आत कशी जात असंल ते बघितलं."

"आणि बाहेर?"

"तिला कोण येऊ देतं बाहेर," सासूबाई म्हणाल्या, आणि तिच्या वाटचंही एकदा बाहेर येऊन घेतलं.

दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. माघात एक कासारीण बांगड्या भरायला आली आणि हात दाबता-दाबता तिनं जालन्याच्या धुळवडीच्या हत्तीचं वर्णन केलं. खोटा हत्ती, पण खऱ्याहून मोठा. गाड्यावर उभा. वर मुकुट घातलेला राजा, तो गुलाल उडवतो, रेवड्या फेकतो, सगळं गाव मागं. सासूबाईंनी बांगडी चढता-चढता हात मागं घेतला. ती पिचली. त्या दिवसापासून त्यांचं काही खरं नव्हतं. दळताना हत्ती, निवडताना हत्ती. पण हत्तीत देव कुठला? आणि धुळवडीला तर बाई माणूस दाराला कडी लावून बसतं.

होळीच्या आठ दिवस आधी त्यांनी जेवणाऱ्या मामंजींपुढं विषय काढला. मी आडोशाला ताक घुसळत होते.

"हत्तीला नवस?" मामंजींचा घास हातातच राहिला. "डोकं ठिकाणावर हाय का?"

"हत्ती म्हंजी गणपतीच की."

"मंग राजूरला जा. तिथं बी गणपतीच हाय."

"नवस जिथला तिथंच फेडावा लागतो. तुमचंच बोलणं हाय."

बोलणं त्यांचंच होतं. त्यांनी घास ताटात परत ठेवला. "कवा बोललीस?"

"दिवाळीत. पांढऱ्या बैलाचं पोट फुगल्तं तवा."

मामंजींनी मला हाक मारली. "खरं का गं?"

बैलाचं पोट मी कधी धड पाहिलंही नव्हतं. "बिलकुल खरं, मामंजी. मी बाजूलाच उभी होते."

ते पाणी प्याले, त्यांनी तांब्या खाली ठेवला. "ठीक. मी बी संगं येतो. फेडतीस कशी ते डोळ्यानं बघतो. खोटं निघालं तर ह्या घरातल्या बायांचे नवस बंद. देव देव्हाऱ्यात बी असतो."

ते रानात गेल्यावर सासूबाई माझ्याकडं वळल्या. "काय बोलले असंन गं मी नवसात?"

"नारळ म्हणा. स्वस्तात पडंल."

ते आठ दिवस आम्ही दोघींनी घरात नुसत्या येरझारा घातल्या. दिसायचं एवढंच, की हत्ती नीट फिटला नाही तर मत्स्योदरीही गेली, दर्गाही गेला आणि वाट्याला राहिला तो समोरचा रस्ता.

धुळवडीला सकाळच्या एसटीनं निघालो. मामंजी पांढऱ्याशुभ्र धोतरात, काठी गुडघ्यांत धरून ताठ. अंबडला खिडकीतून एक बादली आत आली. जालन्याला उतरले ते गुलाबी मामंजी. मी पदर तोंडात कोंबला.

एका ओट्यावर चार म्हाताऱ्यांच्या शेजारी आम्हाला जागा मिळाली. खाली नुसते पुरुष, नुसता रंग. आणि मग हत्ती आला. खड्डा आला की डुलायचा, सोंड हलायची, वरचा राजा मुकुट सावरायचा. सासूबाईंचं तोंड उघडं ते उघडंच. नारळ त्यांच्या मांडीवर होता, तो त्या साफ विसरल्या होत्या.

"बघून झालं?" मामंजी म्हणाले. "आता फेड."

सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. मग नारळ तळहातावर घेऊन त्या ओट्यावरून खाली उतरल्या, मागं मी. धुळवडीच्या गर्दीत नऊवारीतली म्हातारी बाई सरळ हत्तीच्या अंगावर चाललेली. आधी हलगी थांबली.

"कोण हाय?"

"नवसाची बाई हाय," मी मोठ्यानं सांगितलं. "वाट द्या बराबर."

वाट झाली. गाडा थांबला. सासूबाईंनी कमरेची कुंकवाची पुडी काढून हत्तीच्या पायाला बोटं टेकवली आणि गाड्याच्या चाकावर नारळ फोडला. वर राजाच्या तोंडात रेवडी होती. काय करावं ते त्याला कळेना, त्यानं दोन्ही हात जोडले. गर्दीतून कुणीतरी मोरयाचा गजर केला. ओट्यावरच्या चारही म्हाताऱ्या पदर खोचून खाली उतरल्या आणि हत्तीच्या पायाशी रांग लागली. एकानं मला विचारलं, "कशाचा नवस म्हणायचा?"

"बैलाच्या पोटाचा."

त्यानंही पायाला हात लावून घेतला.

परत येऊन सासूबाईंनी पदरातली एक रेवडी मामंजींपुढं धरली. प्रसाद म्हटल्यावर नाही म्हणता येईना. त्यांनी ती कपाळाला लावली आणि खाल्ली.

परतीच्या गाडीनं अंबड सोडलं. मग मामंजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "दिवाळीत पांढरा बैल घरी नव्हता. पेरणीला भावाकडं दिल्ता."

गाडी हलत होती, आम्ही दोघी हललो नाही.

त्यावर ते पुढं काही बोलले नाहीत, हे तर फार वाईट. ओरडले असते तर निदान कळलं असतं. तीन आठवडे आम्ही वाट बघत होतो. ट्रक जायचे, सासूबाई मान वर करायच्या नाहीत. जांबेची रामनवमीची जत्रा जवळ आली, तरी तिचं नाव कुणी काढेना.

मग एका सकाळी मामंजी गोठ्यातून आले आणि चुलीपुढं उभे राहिले.

"पांढरा बैल खाईना बघ आज."

मी दारातून पाहिलं. बैलाच्या तोंडातून कडब्याची ताटं दोन्ही बाजूंनी लोंबत होती आणि जबडा चक्कीसारखा चालू होता.

"जांबेला," मामंजींनी भिंतीकडं बघत विचारलं, "राम सोडून बघण्यासारखं काय काय हाय?"

सासूबाईंची भाकरी तव्यावर करपली.