बोटाएवढी जागा

जेवायला बसण्याआधी दाविदमामा ताटलीवर पाणी ओतत आणि ती तिरकी धरून बघत राहत. पाणी सलग पसरलं तर जेवण सुरू. मध्येच तुटून त्याचे थेंब झाले, तर ताटली पुन्हा घासायची. "पानी फुटलं, म्हंजी तेल हाय," एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांच्या बायकोने या खुळापुढे कधीच हात टेकले होते.

शिरूरबाहेरच्या आमच्या शेडमध्ये विमानांचे ॲल्युमिनियमचे जुने भाग येत. गंज काढून, संरक्षक थर चढवून ते परत पाठवायचे. गंज मामा काढत, तपासणी माझ्याकडे. ॲल्युमिनियम गंजतं हेच मला राहू गावाहून नोकरीला येईपर्यंत ठाऊक नव्हतं. तांबडा नाही, पांढरा गंज, पिठासारखा. तारेची घासणी कोणी जवळ आणली की मामा ओरडत, "लोखंडाचा कण आत राह्यला की उद्या तिथंच कीड!" पूड निघून खाली गंजाने पाडलेले बारीक खड्डे दिसले तरी ते नायलॉनच्या घासणीने घासतच राहत. भिंगातून बघत म्हणत, "ताई, खड्ड्याचा तळ कुठं दिसतोय अजून?" साठीला आलेला हा माणूस प्रत्येक खड्ड्यात पहिल्यांदाच डोकावल्यासारखा बघे. मला ते फार आवडायचं.

खंडेनवमीला मालकांनी हळदीकुंकवाचं ताट माझ्या हाती दिलं. मशीनं झाली, टाक्या झाल्या. मामांच्या टेबलावर पाण्याच्या परीक्षेत पास झालेले भाग कागदाखाली झाकलेले होते. आपली खरी लक्ष्मी तर हीच, असं वाटून मी एकावर कुंकवाचं बोट टेकवलं. लगेच जीभ चावली, ओढणीने पुसलं आणि कागद होता तसा ठेवला. मामा तेव्हा दारात नारळ कसा फोडावा हे सगळ्यांना शिकवत होते.

दुसऱ्या दिवशी भाग थर चढवायच्या टाकीतून सोनेरी होऊन निघाले. एकावर मात्र बोटाएवढी जागा कोरीच राहिली होती. गिऱ्हाइकाचा माणूस समोर उभा. मालक म्हणाले, "मामा, तुमचे डोळे थकले आता. सोमवारपासून पॅकिंगला बसा." मामा भिंग लावून त्या डागाकडे बघत राहिले. कुंकवाचं मी सांगितलं नाही. नोकरीला वर्षही झालं नव्हतं, आणि मी भित्री निघाले.

मामा खोक्यांना चिकटपट्ट्या लावू लागले. भिंग मात्र खिशात असायचं.

नाताळला मिशनच्या आवारातल्या त्यांच्या घरी गेले आणि करंजीला हात लावण्याआधी सगळं सांगून टाकलं. मामा पुढे सरकले.

"पुसलं कशानं?"

"ओढणीनं."

"कंच्या टोकानं? येणीकडच्या?"

मी मान डोलावली; वेणी त्याच टोकावर रुळायची.

"तेल!" मामांनी मांडीवर थाप मारली. "कुंकू हाय ते तवाच कळलं. भिंगात तांबूस कण दिसला. पर नुसत्या कुंकवानं येवढी जागा कोरी कशी राहील, ह्येच कळंना. तीन महिनं डोकं खातंय!"

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुमी बोलाल म्हणलं," मामा म्हणाले. "करंजी खावा."

मला रडू आवरेना.

सुट्टीनंतर पहिल्याच सकाळी मी मालकांच्या समोर उभी राहिले. भरपूर बोलणी खाल्ली; मामांना त्यांचं टेबल परत मिळालं. पुढच्या खंडेनवमीला मी ताट घेऊन तिथे आले, तेव्हा त्यांनी टेबलाच्या लाकडी पायाकडे बोट दाखवलं. "ताई, हितं लावा. आन् भरपूर लावा."

मामा निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. त्या पायाला मी अजूनही खाली बसून कुंकू लावते. भरपूर लावते.