तळ्याच्या मधोमध माझी मुलगी

गेल्या मंगळवारी अंबडला ऑफिसात डबा खाता खाता मोबाईल उघडला, तर माझी मुलगी तळ्याच्या मधोमध!

श्रुती फिनलंडला शिकते. सुट्टी लागली की हॉस्टेलवर गप बसायचं सोडून मैत्रिणींबरोबर कुठल्या कुठल्या जंगलात भटकते. निघाली की मला लाइव्ह लोकेशन पाठवते... म्हणजे आईने उगाच काळजी करू नये.

आता नकाशात निळं म्हणजे पाणी, एवढं मलाही कळतं. आणि बाईसाहेबांना पोहता येत नाही! होडीत असेल म्हणावं, तर ठिपका जागचा हलेना. शेजारच्या सोनवणे मॅडमना दाखवलं. "अहो, नेटवर्क गंडलं असेल," त्या म्हणाल्या. मी हातातला घास ठेवला आणि फोन लावला.

"आई, तळं गोठलंय गं. सगळे यावरूनच चालत जातात..."

पाण्यावरून चालत? माझं डोकंच चालेना. बर्फ म्हटलं की मला फ्रीजमधला ट्रे आठवतो, त्यावर माणूस कसा उभा राहणार? ओरडावं की हळू बोलावं, तेही सुचेना. "मुकाट्याने मागे फीर" अगदी ओठांवर आलं होतं.

तेवढ्यात ती म्हणाली, "खालून कडकड आवाज येतोय. मैत्रिणी म्हणतात असा येतोच, त्या गेल्यासुद्धा पलीकडे. माझे पायच उचलत नाहीयेत... फोन ठेवू नकोस."

लहानपणी पांडवलेणीच्या पायऱ्या उतरताना ही अशीच मधेच थिजायची. मी दोन पायऱ्या पुढे उतरून म्हणायचे, माझ्या पायांकडे बघत ये. आता कुठले पाय दाखवू?

"आई, दिसतेय ना मी तुला?"

"दिसतेयस. टाक पाऊल."

फोन स्पीकरवर टाकून मी नकाशा उघडला. दिसत होता तो नुसता ठिपका. जरासा सरकला... "हललीस बघ! अजून थोडं." सोनवणे मॅडम डबा सोडून माझ्या खांद्यावरून बघत होत्या. ठिपका निळ्यातून हिरव्यात गेला तेव्हा आम्ही दोघी एवढ्या जोरात ओरडलो की साहेब केबिनमधून बाहेर आले.

पुढच्या सुट्टीत म्हणे कुठल्याशा डोंगरावर जायचंय. काल विचारत होती, जाऊ का? नको म्हणावं की जा म्हणावं, माझं अजून ठरत नाही. इतके दिवस मला वाटायचं, ती लोकेशन पाठवते ती माझी भीती जावी म्हणून...

शेवटी आज सकाळी एवढंच लिहिलं, "लोकेशन चालू ठेव. मी बघतेय."