जड काही उचलायचं नाही

बाळंतपणासाठी मी मारेगावला आईकडे आले होते. मुलगी पाच आठवड्यांची असताना एका सकाळी छातीत कळ आली, डाव्या हातात उतरली आणि मी घामाने चिंब झाले. "वात शिरला छातीत. बाळंतिणीले असं होतेच," म्हणत आईने बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवली, वर ओवा टाकला. त्या धुरात मी तासभर पडून राहिले. उलटी झाली तेव्हा भावाने गाडी काढली.

यवतमाळला ईसीजी काढला आणि नागपूरला पाठवलं. तिथे कळलं, हृदयाच्या रक्तवाहिनीचं आतलं अस्तर आपोआप उसवलंय. बत्तिसाव्या वर्षी, ना बीपी ना शुगर. बाळंतिणींना होतं म्हणे कधीकधी. "स्टेंट घालायला गेलो तर आणखी उसवेल. गोळ्या घ्या, जड काही उचलू नका. भरून येईल," डॉक्टर म्हणाले. इतक्या लांब आणून काहीच केलं नाही म्हणून भाऊ चिडला. माझ्यात चिडायचंही त्राण नव्हतं.

जड काही म्हणजे काय, ते आईने ठरवलं: पाण्याचा गुंड, सिलिंडर आणि माझी मुलगी. "तू उचलू नको वं, मी आहो ना!" वर्षभर तिने मला ठेवून घेतलं. पोर रडली की माझ्याआधी तिचे हात पोचत. शेगडीचा विषय तिने काढला नाही, मीही नाही. मी जमिनीवर बसले तरच पोर माझ्या मांडीत यायची. चालायला लागल्यावर ती सगळ्यांपुढे हात वर करी. माझ्यापुढे आली की मुकाट खाली बसे.

वर्षाच्या तपासणीला मुलीला भावाजवळ ठेवून आई माझ्यासोबत आली. डॉक्टर म्हणाले, शीर भरून आलीय. मी विचारलं, "आता मुलीला उचलू?" 'नाही' म्हणतील या भीतीने आजवर विचारलंच नव्हतं.

"मुलीला? मी पोत्याबित्यांचं बोललो होतो. तिला तर केव्हाच उचलता आलं असतं."

परतीच्या वाटेवर आई खिडकीबाहेर बघत राहिली. "मले वाटलं..." एवढंच म्हणाली. मला तिचा फार राग आला आणि तितकीच कीवही.

घरी मुलगी दुडदुडत दाराशी आली. मी वाकून दोन्ही हात पुढे केले. तिने हातांकडे पाहिलं, फतकल मारली आणि शेजारची फरशी थोपटत म्हणाली, "आई, बच."