पहिले पान फाडलेला गौरवग्रंथ

ती गौरवग्रंथाची तक्रार आजही आठवते आणि आजही माझे डोके तापते.

शहाद्याच्या बाजूला, केळीच्या पट्ट्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. तिथल्या एका पुढाऱ्याची एकसष्टी थाटात झाली होती. त्यानिमित्त जाडजूड गौरवग्रंथ छापला गेला आणि पहिल्या पानावर ‘सप्रेम भेट’, खाली घेणाऱ्याचे नाव आणि पुढाऱ्याची सही, असा तालुक्यातल्या अधिकाऱ्यांना नि व्यापाऱ्यांना वाटला गेला. मलाही मिळाला. मी तो घरी नेऊन ठेवला आणि विसरलो.

वर्षभराने पुढाऱ्याच्या एका कार्यकर्त्याने खबर आणली. एसटी स्टँडबाहेर जुनी पुस्तके विकणाऱ्या बाईच्या गाडीवर त्या ग्रंथाच्या सात प्रती होत्या आणि प्रत्येकीचे पहिले पान फाडलेले होते. पाठोपाठ पुढाऱ्याचा तक्रार अर्ज आला. आपल्या गोदामातून ग्रंथ चोरले, ओळख पुसायला चोराने पाने फाडली, असे त्यात ठासून लिहिले होते. आपला ग्रंथ कोणी रद्दीत घालील, हे त्यांच्या मनातही येईना. वरिष्ठांचा फोन आला, गुन्हा नोंदवा आणि बाईला आजच अटक करा.

पंचांसमोर ग्रंथ ताब्यात घेतले. बाईला दुपारी ठाण्यात आणले, शेजारी महिला शिपाई बसवली. बाई साठीची, विधवा, त्या गाडीवरच तिचे पोट. सगळ्या स्टाफसमोर मी तिला तासभर खडसावले. ग्रंथ कोणी दिले त्यांची नावे सांग, नाहीतर आत जाशील. तिने मान खाली घातली नाही.

“मी चोर नही, साहेब. पुस्तकं लोकेस्नी सोता दिधात. कोणी दिधात, ते मी सांगत नही.”

चोरीचा माल बाळगणारा माणूस घाबरला की दोन-चार नावे लगेच पुढे करतो, हा माझा अनुभव. ही एकही नाव देईना. इथेच मला अर्जाची शंका आली.

तिला बाहेर बसवून आम्ही ग्रंथ चाळायला घेतले. लोक नावाचे पान आठवणीने फाडतात, पण मध्ये काय राहिले ते बघत नाहीत. एकात एका अधिकाऱ्याचा आजी वारल्याचा रजेचा अर्ज निघाला. वीस पानांनंतर त्याच अधिकाऱ्याचा दुसरा अर्ज, आजी तीच, पुन्हा वारलेली. एकात व्यापाऱ्याच्या घरची लग्नपत्रिका. एकात पुढाऱ्याच्या पानभर फोटोला कुणीतरी बॉलपेनने चष्मा आणि झुपकेदार मिश्या काढलेल्या, खाली ‘गृहपाठ पूर्ण’. हवालदारांना हसू आवरेना, मलाही. मग मी सातवा उघडला. आत आमच्याच ठाण्याचा जुना ड्युटी चार्ट होता आणि त्याच्या पाठीवर माझ्या बायकोच्या अक्षरात यादी: साबुदाणा, कोथिंबीर, ह्यांची वर्दी इस्त्रीला.

चार्ट खिशात घाला, कुणी बघितले नाही, असे हवालदार हळूच म्हणाले. मला स्वतःची लाज वाटली आणि त्या अर्जाचा संताप आला. मी स्टेशन डायरी मागवली, नोंद घेतली आणि माझाच जबाब लिहिला. सदर ग्रंथ मला भेट मिळाला असून तो न वाचता माझ्या घरातून रद्दीत दिला गेला आहे, चोरी झालेली नाही. खाली सही केली. वरिष्ठांना फोनवर सांगितले की बाईला अटक होणार नाही. हवे असल्यास उरलेल्या सहा जणांचेही जबाब नोंदवतो, सुरुवात दोनदा वारलेल्या आजीपासून.

संध्याकाळी अर्ज मागे घेतला गेला. महिन्याभरात माझी बदली झाली. झाली तर झाली.

त्या संध्याकाळी बाईला तिची पुस्तके परत देताना मी विचारले होते, यातले माझे कोणते हे तुला माहीत होते का?

“तुम्हना घरनी बाईनीच दिधं व्हतं,” ती म्हणाली. “पान मन्हासमोर फाडं.”

मग मी एवढा ओरडत होतो, तेव्हा का नाही सांगितलेस?

“तुम्हना माणसेसमोर तुम्हनं नाव कसं लेऊ?”

नावे काढून घेण्यात मी पटाईत समजला जाई. त्या दुपारी भर ठाण्यात दमदाटी करून मी जे नाव मागत होतो, ते माझेच होते. अटक समोर दिसत असताना तिने ते झाकून ठेवले. त्यानंतर कुणाच्या गप्प बसण्याला मी कबुली मानले नाही. तो जबाब आज पुन्हा लिहायची वेळ आली, तर शब्दही बदलणार नाही.